मामांच्या वहीतली एकोणीस शहरं

आमच्या भागात माणूस नावापेक्षा शहरानं ओळखला जातो. सांगली जिल्ह्यातला आमचा पट्टा गलाईचा. गलाई म्हणजे जुने दागिने, मोड, सराफाच्या दुकानातला झाडलोटीचा कचरासुद्धा वितळवून त्यातलं सोनं-चांदी शुद्ध करून द्यायचं काम. घरटी एखादा तरी त्या कामाला देशात कुठंतरी गेलेला असतो आणि जिथं त्याची भट्टी, ते गाव त्याला चिकटतं. कानपूरवाले, रायपूरवाले, कोइमतूरवाले. जत्रेत कुणी विचारतं, "पाटणेवाले आले का?" आणि सगळ्यांना कळतं कोण ते. मी जयपूरवाल्यांचा माणूस. आठवी अर्ध्यात सोडून इथं आलो, त्याला आता चोवीस वर्षं झाली.

ज्यांच्याकडे आलो त्यांना मी मामा म्हणतो. आईचे चुलतभाऊ. जोहरी बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांची भट्टी, आणि राहायला दुर्गापुऱ्यात घर. मी आलो त्याच्या दुसऱ्याच वर्षी माझ्या पायावर तेजाब, म्हणजे सोनं-चांदी विरघळवायचं ॲसिड, सांडलं. गल्लीत रिक्षा शिरत नव्हती. मामांनी मला पाठीवर घेतलं आणि मोठ्या रस्त्यापर्यंत पळत नेलं. मामींनी महिनाभर जागेवर जेवायला दिलं. माझ्या लग्नात वडिलांच्या जागी पाटावर मामा बसले, कारण वडील तोवर गेलेले. हे आधी सांगतोय, कारण पुढं मी जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल की मी मामांच्या विरोधात होतो. मी त्यांच्या विरोधात एक दिवसही नव्हतो. मला फक्त त्यांच्या पोरीच्या छातीची तपासणी करून हवी होती.

मामांना दोन मुलं. थोरला मुलगा आणि त्याच्या पाठची मुलगी. मुलगा भट्टीवर कधी बसला नाही. कॉम्प्युटरचं शिकला आणि वैशाली नगरकडच्या एका ऑफिसात लागला. तीन वर्षांपूर्वी थंडीत, सकाळी साडेआठला, ऑफिसला निघताना फाटकापाशी स्कूटर स्टँडवरून काढली आणि तिथंच खाली बसला. मामींना वाटलं चप्पल सुटली. सव्वीस वर्षांचं पोरगं. दवाखान्यात नेईपर्यंत संपलेलं होतं. दारातच गेलेला माणूस म्हणून पोलिसांनी चिरफाड करायला लावली. त्याचा कागद आणायला खिडकीपाशी मीच उभा राहिलो.

कागद इंग्रजीत. तो मी त्याच हॉस्पिटलातल्या एका मराठी डॉक्टरबाईंकडे नेला. वऱ्हाडाकडच्या आहेत. गणपतीत आमची ओळख झालेली, त्या मला भाऊ म्हणतात. त्यांनी मामांनाही बोलावून घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सावकाश सांगितलं. मुलाच्या हृदयाचा स्नायू जन्मापासून नको तितका जाड होता. पुष्कळांना आयुष्यभर काही होत नाही. काहींना असं एका क्षणात होतं. आणि हे घराण्यातून येतं.

"आईवडिलांपैकी एकात असलं तर प्रत्येक लेकराला अर्ध्याला अर्धी शक्यता," त्या म्हणाल्या. "नाणं उडवल्यासारखं. म्हणून तुम्ही दोघं आणि मुलगी, तिघांची छातीची सोनोग्राफी करून घ्या. दुखत नाही, टोचत नाही. अर्धा तास लागतो. सापडलं तर गोळ्या आहेत, एक यंत्र बसवता येतं. मुलीचं आधी करा."

मामांनी कागद स्वतःकडे ओढला.

"मतलब," ते म्हणाले, "हे आमच्या रक्तातनं आलं?"

"यात दोष कुणाचाच नसतो, काका."

मामा उठले, हात जोडले आणि बाहेर आले. जिन्यात मला म्हणाले, "बाई चांगली हाय. पर कागदावर लिहून दिलंय तेवढंच ती वाचनार."

मला तेव्हाच धास्ती बसायला हवी होती. मी मुळात घाबरट माणूस आहे. गॅसची चावी तीनदा बघितल्याशिवाय दुकानाचं शटर ओढत नाही. पण मला वाटलं दुःख ताजं आहे, दिवस होऊ देत.

तेराव्याला मोबाईलवर तो आवाज आला. आमच्या भागातल्या गलाईवाल्यांचा मोठा ग्रुप आहे, देशभरातली माणसं त्यात. कुणा अनोळखी माणसाचा बसका आवाज, पण बोली आमचीच. "गलाई बांधवांनो, सावध व्हा." मोठ्या मशीनवाल्या रिफायनऱ्यांना हातभट्टीची माणसं संपवायची आहेत. म्हणून आपल्याला येणाऱ्या तेजाबाच्या कॅनमध्ये काहीतरी मिसळलं जातं. वास येत नाही. माणूस हळूहळू आतनं पोखरतो आणि एक दिवस बसल्या जागी जातो. दवाखाने हार्ट लिहून मोकळे होतात. घरात कपड्यांवरनंसुद्धा ते बायकापोरांना लागतं. गेल्या वर्षात किती पोरं गेली ते मोजा, म्हणजे कळेल.

मामांनी तो निरोप माझ्यासमोर चारदा ऐकला. चौथ्यांदा ऐकताना त्यांचा चेहरा सैल पडला. पोरगा गेल्यापासून तसा चेहरा मी बघितला नव्हता. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. आता वाटतं, त्या आवाजानं त्यांच्या रक्तावरचा आळ काढून दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवला होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वही घातली. दुकानातलीच, लांबट. पहिल्या ओळीत लिहिलं जयपूर. मग ग्रुपवर श्रद्धांजली आली की एकेक शहर. नावं नाहीतच, सवयच तशी. कानपूर. हुबळी. रायपूर. विजयवाडा. संध्याकाळी भट्टी विझली की ते चष्मा लावून वही उघडायचे, आणि मला वाचून दाखवायचे. वर्षभरात एकोणीस झाली.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. तेजाबाच्या धुरासाठी वर मोठा पंखा आणि पत्र्याचं धुराडं बसवा म्हणून मी दहा वर्षं मागे लागलो होतो. त्या आवाजानंतर मामांनी आठ दिवसांत ते बसवलं. खोट्या गोष्टीनं माझ्या फुप्फुसांचं भलंच केलं. आणि खोटी म्हणतोय खरी, पण मीही तेव्हापासून नवा कॅन फोडताना आधी लांबून वास घ्यायला लागलो. वास येत नाही असं त्या माणसानं सांगूनसुद्धा.

डॉक्टरबाई गणपतीत भेटल्या. पहिलंच वाक्य, "भाऊ, मुलीची तपासणी झाली?" मी मान हलवली. मग वहीचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तो धूर वाईटच आहे. त्याला शत्रू लागत नाही, तो उघडउघड फुप्फुसं खातो. पण हे हृदय त्यानं झालेलं नाही. बरं, ती शहरं कुणी तपासून बघितली का?"

मी घरी आलो तो हेच डोक्यात घेऊन. टंच काढणं माझं काम आहे. लगडीत सोनं किती आणि भेसळ किती, हे मी रोज सांगतो. मग वहीचा टंच का काढू नये?

चांदी तेजाबात विरघळायला टाकली की तासभर दुसरं काही करता येत नाही. त्या तासात मी एकेका शहराला फोन लावत गेलो. मामांना सांगितलं नाही. पहिल्याच आठवड्यात घोटाळा हाती लागला. हुबळीवाले गेले म्हणून एक ओळ होती. विजयवाडावाले म्हणून दुसरी. कानपूरवाल्यांचे जावई म्हणून तिसरी. तिन्ही एकच माणूस. तो भट्टी लावत होता हुबळीत, पण त्याच्या वडिलांची भट्टी विजयवाड्यात होती, म्हणून गावच्या ग्रुपवर त्याला विजयवाडावाले म्हणतात, आणि सासरच्या ग्रुपवर तो कानपूरवाल्यांचा जावई. मेला एकदा, वहीत तीनदा. असे आणखी निघाले.

पाटण्याला फोन लावला तेव्हा मी आवाज पाडून बोललो. "पाटणेवाल्यांचं वाईट ऐकलं. कधी झालं?"

"काय झालं?"

"मयत."

"कुनाचं?"

"पाटणेवाल्यांचं."

"आरं लेका, मीच की पाटणेवाला!" पलीकडचा ओरडला. "मी मेलोय तर सकाळपासनं भट्टीवर कोन बसलंय? आन् ही आमची बायको मघापासनं कुनाला शिव्या घालायलीय?"

त्याला डेंगू झाला होता. ग्रुपवर कुणी लिहिलं काळजी घ्या, दुसऱ्यानं हात जोडले, तिसऱ्यानं ते हात बघून श्रद्धांजली टाकली, आणि मग चाळीस जणांनी टाकली. तो स्वतः ग्रुपवर नव्हता. मी खूप दिवसांनी हसलो. तोही हसला आणि म्हणाला, "वहीतनं मला काढा बरं का, न्हाईतर यमाला पत्ता कळायचा."

बाकीच्यांचं हसण्यासारखं नव्हतं. रायपूरचे ऐंशीच्या पुढचे म्हातारे. एकजण मोटारसायकलवरून पडून. एकाला दारूनं नेलं, ते त्याच्या भावानंच सांगितलं आणि सांगताना रडला. कुणाला साखर, कुणाला मूत्रपिंड. एकोणीस ओळींतली मेलेली माणसं निघाली बारा, त्यात आमचा मुलगा. आणि बाराजणांत, आमचा सोडून, तिघं असे उरले की वय तिशीच्या आतबाहेर, छातीत दुखलं, गेले. चिरफाड झाली नाही. कारण कुणालाच माहीत नाही.

दुसरी गोष्टही मला आपोआप कळली. मी जयपूरला आलो तेव्हा गावातलं मयत महिन्यानं पत्रातून कळायचं, आणि तेही नात्यातलं असेल तर. आता पन्नास शहरांतल्या हजारो माणसांचं मरण रोज सकाळी चहाच्या आधी हातात येतं. माणसं जास्त मरायला लागलेली नाहीत. मला जास्त दिसायला लागली आहेत. हे समजलं तेव्हा मला केवढं हलकं वाटलं. वाटलं, मामांनाही वाटेल.

एका रविवारी दुपारी, दुकान बंद असताना, मी वही मागितली आणि सगळं सांगितलं. मामांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. उलट लाल पेन काढलं. हुबळी ठेवलं, विजयवाडा खोडलं. पाटणा खोडताना "जगूं दे बाबा" म्हणाले. रायपूरचे म्हातारे खोडले, मोटारसायकलवाला खोडला. त्यांचं काम असंच आहे, भेसळ दिसली की ते ती ठेवत नाहीत. पेन चालत होतं तसतसा माझा जीव वर येत होता. म्हटलं, आता संपल्यावर पोरीचा विषय काढायचा.

"ऱ्हायले किती?" मामांनी विचारलं.

"तीन. आन् आपला."

"ते तीन कशानं गेले?"

"कळलं न्हाई, मामा."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मग तू तरी काय केलंस? कमअस्सल होतं ते जाळून काढलंस. आन् शंभर नंबरी तेवढं ऱ्हायलं. गलाई केलीस, दुसरं काय."

मी म्हटलं, "मामा, तुम्हीच शिकवलंय मला. लगडीच्या एका कोपऱ्यातनं नमुना घेतला तर कोपऱ्याचा टंच कळतो, लगडीचा कळत न्हाई. आधी सगळं ढवळायचं, मग नमुना घ्यायचा. ह्यो आवाज नुसत्या मेलेल्यांचा कोपरा दाखवतोय. जी हजारो माणसं तेच तेजाब वापरून जित्ती हायत त्यांना कुणी वहीत लिहीत न्हाई. मी हाय, तुम्ही हाय. आन् आपला पोरगा तर भट्टीवर कधी बसलाच न्हाई."

मामांनी वही मिटली. रागानं नाही.

"माझं पोरगं नमुना न्हाई," ते म्हणाले.



ते तीनजण मी डॉक्टरबाईंकडे घेऊन गेलो. मला स्वतःलाच ते झोपू देत नव्हते. बाई म्हणाल्या, "तीन राहणारच होते, भाऊ. एवढ्या माणसांत काहींचं कारण कळतच नाही. एकही उरला नसता ना, तर मी म्हटलं असतं की मोजणाऱ्यानं लबाडी केली." हे मला पटलं. पण हे घेऊन मी मामांसमोर कसा जाणार? कळत नाही हेच बरोबर उत्तर आहे, असं पोरगा गेलेल्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं? मला तेवढं शिक्षण नाही. शिक्षण असतं तरी जमलं असतं का, तेही ठाऊक नाही.

मग मी मामींकडे गेलो. त्या भाजी निवडत होत्या. त्यांना मी वहीचं काही सांगितलं नाही, फक्त पोरीचं सांगितलं. अर्धा तास लागतो, टोचत नाहीत.

"मला कळतंय रं," त्या म्हणाल्या. हात थांबले नाहीत. "मी आई हाय. पर तिला स्थळं यायलीत. छातीचं तपासलं म्हनून एका मानसाला कळलं की सांजच्याला सगळ्या शहरांत झालं. निघालं काही तर कोन करून घील? आन् न्हाई निघालं तरी म्हनतील, तपासलं कशापायी?" देठं बाजूला सारत म्हणाल्या, "आन् निघालं तर तुझ्या मामांचं काय हुईल? त्यांना वाटंल आपनच मारलं पोराला. त्या वहीवर जगायलाय तो मानूस."

म्हणजे मामी त्या आवाजाला मानत नव्हत्या. त्यांना सगळं कळत होतं. मला वाटत होतं समजावून सांगितलं की काम होईल. ज्याला आधीच समजलेलं आहे त्याला काय समजावणार?

पोरगा गेला त्याच्या पुढच्या वर्षी मामींनी शीतलामातेचा नवस धरला. इथून जवळच चाकसूला डोंगरावर देवी आहे. होळीनंतर आठव्या दिवशी तिथं मोठा मेळा भरतो. त्या दिवशी इथं चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं गार जेवण देवीला आणि माणसांनाही. इतक्या वर्षांत मामी इथल्यासारखंच सगळं पाळायला लागल्यात, त्या दिवशी आमची भट्टीसुद्धा थंड असते. जीप केली आणि आम्ही चौघं गेलो. मामा खालीच सावलीत बसले. मामी पुढं झाल्या. मी आणि मामांची पोरगी मागं.

ती जयपूरचीच. मराठी बोलते, पण अडखळत, मध्येमध्ये हिंदी. मला भैया म्हणते. लहान असताना मी तिला शाळेच्या बसपर्यंत सोडायला जायचो. चढण निम्मी झाली आणि ती कठड्याला धरून थांबली. श्वास लागलेला, कपाळावर घाम.

"काय होतंय?" मी तिचं कोपर धरलं.

"कुछ नहीं, भैया. ऊन आहे. तू पण तर हांफतोयस."

खरंच, मलाही धाप लागली होती. मागून येणाऱ्या बाया, पोरं, पागोटेवाले म्हातारे, सगळेच धापा टाकत होते. त्यात कोणती धाप कसली, हे डोळ्यांनी कसं कळणार? मी तिथंच सगळं सांगून टाकलं. जाड स्नायू, नाणं उडवणं, गोळ्या, यंत्र. म्हटलं, कुणाला कळू देत नाही, चल माझ्याबरोबर, डॉक्टरबाई आपल्या आहेत.

तिनं ऐकून घेतलं. "मला माहीत आहे, भैया. भाईचा रिपोर्ट मी वाचला ना. इंग्लिश येतं मला."

"मग?"

"मतलब... फिफ्टी परसेंट है तो फिफ्टी परसेंट नहीं भी है ना?" ती ओढणीनं तोंड पुसत म्हणाली. "आत्ता मला दोन्ही आहे. टेस्ट केली की एकच राहील. आणि ते खराबवालं असलं तर पापांना कोण सांगणार? तू?"

मी म्हटलं, "मी सांगेन."

"नाही सांगणार तू," ती म्हणाली आणि हसली. "तू पापांसमोर जोरात बोलला आहेस का कधी?"

वरून मामींनी हाक मारली. आम्ही चढलो. गार भात आणि पुऱ्या देवीपुढं ठेवल्या. मामींनी तिचं डोकं देवीच्या पायरीवर टेकवलं आणि खूप वेळ तसंच दाबून धरलं.

त्याच वैशाखात तिचं लग्न झालं. मुलगा गलाईतलाच, कोइमतूरचा, चांगला आहे. वरातीत ती नाचली. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी तिच्या पायांकडे बघत उभा होतो. एक गाणं संपलं की मी एकदा श्वास सोडायचो.

पाच-सहा महिन्यांपूर्वी मामींनी पेढा हातावर ठेवला. पोरीला दिवस गेलेत. डॉक्टरबाईंना सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "आता तर नक्की करायला हवं. बाळंतपणात हृदयावर ताण येतो. माहीत असलं तर सांभाळता येतं, पुष्कळ जणी सुखरूप होतात. फक्त माहीत पाहिजे." त्यांनी तिथल्या डॉक्टरांसाठी एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या. मी त्याचा फोटो तिला पाठवला. तिनं बघितल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा पाठवला, तसंच.

मग मी माझ्या आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. मामांना न विचारता जावयाला फोन लावला. सगळं सांगितलं, एकही गोष्ट गाळली नाही.

तो शांतपणे म्हणाला, "पाव्हणं, वाईट वाटून घेऊ नका. मामांनी मला लग्नातच सांगून ठेवलंय. म्हणाले, आमचा भाचा जिवाला जीव देणारा हाय, पर त्याला त्या लोकांनी हाताशी धरलंय. दवाखान्याचं काही बोलायला लागला तर ऐकून घ्या आन् सोडून द्या."

"कुठल्या लोकांनी?" मी विचारलं.

"तेच की. तेजाबवाल्यांनी."

मी फोन ठेवला. दुकानात मामा समोरच सोनं वितळवायची मूस पुसत बसले होते. जावयानं त्यांना संध्याकाळपर्यंत कळवलं असणार. पण ते मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मामींनी डब्यात माझ्या आवडीचं भरलं वांगं दिलं. आठवड्यानं मामा सहज म्हणाले, "तुझा दोष न्हाई. तू भोळा हायस. तुला कुनी काय सांगितलं की खरं वाटतं." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांनी मला हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं. त्या हाताखाली मला रागही येत नव्हता.

तिला आता आठवा महिना आहे. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पण मामा म्हणाले, इथल्या हवेत नको, या घरात कपड्यांना, भिंतींना काय लागलंय कोण जाणे. म्हणून मामीच कोइमतूरला जाणार आहेत. फोनवर ती मामींना म्हणाली की जिना चढताना दम लागतो. मामी म्हणाल्या, "दिवसांत व्हतंय तसं." होतंही. सगळ्यांनाच होतं.

गेल्या मंगळवारी दुपारी मी डॉक्टरबाईंकडे गेलो. सांगायला नवीन काहीच नव्हतं. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीही नात्यातलेच ना? लांबचं नातं, काही असण्याची शक्यता अगदी कमी. पण तुमची झोप उडालेली दिसते. चला, तुमचीच करून टाकू." मला नाही म्हणता आलं नाही.

आत गार खोली होती. शर्ट काढून डाव्या कुशीवर झोपवलं, छातीवर चिकट गार काहीतरी लावलं. पडद्यावर माझं हृदय दिसत होतं, उघडझाप करणारं, करड्या रंगाचं. बाई त्यावर रेषा ओढून जाडी मोजत होत्या. खरंच दुखत नव्हतं. टोचत नव्हतं. अर्धा तासही लागला नाही.

"एकदम छान आहे," त्या म्हणाल्या. "काही काळजी करू नका."

मला रडू फुटलं. त्यांना वाटलं आनंदानं. त्यांनी कागदाचा रुमाल दिला आणि छाती पुसून घ्यायला सांगितलं. पुसली, शर्टाची बटणं लावली, त्यांना नमस्कार केला आणि दुकानात गेलो. मामांनी विचारलं, "कुठं गेलतास?" मी म्हटलं, "बँकेत." त्यांनी माझ्यासाठी चहा झाकून ठेवला होता.